अर्ध्या पानावरचे ठिपके

मंगळवार, ९ फेब्रुवारी १९४३, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. लातूरच्या शेतावर भीमाशंकर उकिडवा बसून तंबाखूच्या एका पानावरचे ठिपके मोजत होता. पानाच्या डाव्या अर्ध्या भागावर एकशे चौदा भरले. मधल्या शिरेच्या उजवीकडे एकही नव्हता.

त्याने पान सोडले नाही. पुन्हा मोजले. एकशे सोळा.

"दोन वाढले की," मागे उभा असलेला वीरभद्र म्हणाला. शेताची राखण आणि देखभाल त्याच्याकडे होती. "म्या मोजायला बसलो तर शंभराच्या म्होरं गेलोच न्हाई. डोळे फिरत्यात."

"डाव्या बाजूला काय चोळलं होतं?"

"मास्तरांच्या कुपीतलं औषध. उजवीकडं नुसतं उकळून गार केलेलं पाणी. आधी पाणी, मग औषध, हात साबणानं धुऊन. मास्तरांनी लिहून दिलंय तसंच."

"कुठल्या कुपीतलं?"

वीरभद्राने कुंडीत खोवलेली लाकडी पट्टी उपटून त्याच्या हातात दिली. पट्टीवर अनंतराव मास्तरांचे टपोरे अक्षर होते : नांदेड ७. चोळले ५ फेब्रुवारी.

नांदेड सात ही भीमाशंकरच्या हातची कुपी.

ही तंबाखू खायची नव्हती. परदेशी जात, बी टपालाने मागवलेले, आणि तिचा उपयोग एवढाच, की तंबाखूच्या पिकावर पिवळे-हिरवे चट्टे पाडणारा जो विषाणू आहे, तो तिच्या पानावर चोळला तर तीन-चार दिवसांत तपकिरी ठिपके उठतात. मिरचीची पाने मुरडणाऱ्या बोकड्या रोगाचा रस चोळला तर पान आहे तसे राहते. आणि नांदेड सातमध्ये बोकड्याच्या विषाणूचे शुद्ध स्फटिक आहेत, असे कलकत्त्याच्या एका शास्त्रीय मासिकाला पाठवलेल्या लेखात लिहिले होते. लेखावर नाव एकच होते. भीमाशंकरचे.

"पहिल्यांदाच चोळलंत का हे?" त्याने विचारले.

"कुठलं! तिसरी खेप हाय ही. पहिली संक्रांतीच्या आधी. तवा बी असंच चेचकावानी उठलं व्हतं. म्या लगोलग कार्ड टाकलं मास्तरांना."

"तारीख आठवते?"

"नऊ. शनवार व्हता. मारुतीला तेल घातलं आन तसाच टपालात गेलो." वीरभद्राने त्याच्या तोंडाकडे पाहिले. "का हो? तुमाला न्हाई सांगितलं मास्तरांनी?"

"सांगितलं असेल. मीच विसरलो," भीमाशंकर म्हणाला. मास्तरांसाठी खोटे बोलायची ती शेवटची वेळ. आपण ते का बोललो, हे त्यालाही उमगले नाही.

लातूरला येण्याचे त्याचे कामच नव्हते. लातूरची फेरी मास्तर स्वतः करत, पंधरा दिवसांनी, आणि दुसऱ्या कुणाला पाठवत नसत. तंबाखूची झाडे नांदेडच्या प्रयोगशाळेच्या आवारात नकोत म्हणून ती इथे ठेवलेली, आणि तिथून इथे माणसांची ये-जा जितकी कमी तितके बरे, असे ते म्हणत. या आठवड्यात मास्तर दोन दिवसांसाठी हैदराबादला गेले आणि नेमका बापूसाहेबांचा निरोप आला, की लातूरहून मिरचीचे निरोगी बी तातडीने हवे. निरोप्याला समोर भीमाशंकर दिसला. सोमवारच्या सर्व्हिस मोटारीने तो निघाला, एवढेच.

बापूसाहेब हे उमरी-भोकर पट्ट्यातले मिरचीचे मोठे व्यापारी. दोन हंगाम बोकड्याने मिरची खाल्ली, तेव्हा त्यांनी नांदेडच्या शिवेवर सहा एकर जमीन घेऊन तीन खोल्यांची प्रयोगशाळा बांधली आणि हायस्कूलच्या नोकरीतून अनंतरावांना सोडवून तिथे बसवले. अनंतरावांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. भीमाशंकर देवणीकडचा. बाप गुरांच्या बाजारात दलाली करणारा. मॅट्रिकला त्याची फी अनंतरावांनी भरली होती, हैदराबादला उस्मानियात जायचा सल्ला त्यांचाच. तिथे सगळे शास्त्र उर्दूतून शिकल्यामुळे भीमाशंकर अजूनही स्फटिकाला कलम म्हणे. "मास्तर, आज कलमा धरतील असं वाटून राहिलंय," असे तो म्हणाला, की मास्तर हसत : "धरल्या तर सांग. वाटण्यावर मासिक निघत नाही."

काम चेंगट होते. रोगट पाने कुटायची, मलमलीतून रस पिळायचा, हाताने फिरवायच्या यंत्रात घालून गाळ बसवायचा. वरच्या निवळीत अमोनियम सल्फेट सोडले की पांढुरका साका खाली येतो. तो पाण्यात विरघळवायचा, पुन्हा साका, पुन्हा पाणी, असे पाच-सहा वेळा, आणि हे सगळे हैदराबादेहून भुशात येणारा बर्फ वितळायच्या आत. शेवटी आम्लाचे थेंब, एकेक. जमले तर नळी हलवताच आतले पाणी पैठणीच्या पदरासारखे चमकते. भिंगाखाली पाहिले की सुयाच सुया.

२२ डिसेंबरला ते चमकले. भीमाशंकरने नळी तीन वेळा हलवली आणि चौथ्यांदा मास्तरांच्या हातात दिली. मास्तरांनी ती उजेडाकडे धरून पुन्हा हलवली. मग म्हणाले, "तुझ्या बापाला कळव. म्हणावं, खोंड बरा निघाला."

त्याआधी चार महिने अकरा खेपा फुकट गेल्या होत्या. थंडी पडली म्हणून कलमा धरल्या, असे दोघांनी ठरवले होते. लेखातही तसेच लिहिले होते.

आणि १७ जानेवारीला, लेखाची शेवटची प्रत करताना, मास्तरांनी दौतीत टाक बुडवून वरच्या ओळीतले स्वतःचे नाव खोडले. "काम तुझं आहे. माझं नाव राहिलं तर लोक म्हणतील, म्हाताऱ्यानं केलं आणि पोरानं भांडी घासली." भीमाशंकरने खाली वाकून त्यांच्या पायांना हात लावला होता. डोळे पुसायला त्याला बाहेर जावे लागले होते.

नऊ तारखेला कार्ड टाकलेले. सतरा तारखेला नाव खोडलेले. परतीच्या मोटारीत भीमाशंकरने या दोन तारखांच्या मध्ये दुसरे काही घालता येते का, ते नांदेड येईपर्यंत पाहिले. कार्ड हरवले असेल. मास्तरांनी वाचून बाजूला ठेवले असेल. पण मग दुसरी खेप कशाला? तिसरी कशाला?

बुधवारी संध्याकाळी तो मास्तरांच्या घरी गेला. मास्तर हैदराबादच्या गाडीने यायचे होते, गाडीला उशीर होता. गोदावरीकाकू ओसरीवर शेंगा सोलत बसल्या होत्या.

"ये रे भीमा. तोंड का असं उतरलंय? लातूरला कुणी जेवायला घातलं नाही का?" त्यांनी सूप त्याच्याकडे सरकवले. "सोल चार. येतीलच ते. हैदराबादेहून तपकीर आणायला सांगायची गरज नाही बघ त्यांना, बाकी सगळं विसरतील."

भीमाशंकरच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मास्तर तपकीर ओढतात?"

"अगंबाई! तुला ठाऊक नाही? तीस वर्षं झाली. तुमच्यासमोर कसे ओढतील, तिकडं तंबाखूबंदीची पाटी यांनीच लावलीय ना? सकाळी निघताना एक चिमूट, दुपारी जेवून जाताना एक चिमूट. कामावर चुकूनही नाही. शब्दाचे पक्के आहेत. माझ्या हातांना मात्र रुमाल धुवून धुवून घट्टे पडले."

रुमाल. प्रयोगशाळेत शिरताना सगळे साबणाने कोपरापर्यंत हात धूत. मास्तरही धूत. मग खिशातून रुमाल काढून पुसत. आणि तंबाखूचा विषाणू वाळलेल्या पुडीतही जिवंत राहतो, पाटी त्यासाठीच होती.

"कधीच सोडत नाहीत, काकू?"

"चातुर्मासात सोडतात की. आषाढीला डबी देवापुढं ठेवायची ती कार्तिकीचं पारणं झालं की उचलायची. नेम कडक आहे. पण ते चार महिने या घरात राहून दाखव तू! भाजीत मीठ कमी, भाजीत मीठ जास्त, कावळा का ओरडला, सगळं माझ्यावर."

काकू हसल्या. त्यालाही हसावे लागले.

गाडीची वाट न पाहता तो उठला आणि दिवेलागणीला प्रयोगशाळेत पोचला. कपाटातून चोळणीचे रजिस्टर काढले. कोणत्या कुंडीवर, कोणत्या दिवशी, कुणाच्या हाताने काय चोळले, त्याची नोंद त्यात असे. उजव्या वाफ्यावर रोगट मिरचीचा रस, डाव्या वाफ्यावर नुसते पाणी. रस चोळला त्याला रोग झाला, पाणी चोळले त्याला झाला नाही, म्हणजे रोग रसातून आला, हा सगळ्या लेखाचा आधार. आणि उजव्या वाफ्यापुढे पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच नाव होते, अनंतराव. डाव्यापुढे भीमाशंकर.

हे कुणी ठरवले नव्हते. पहिल्या दिवशी मास्तरांनी रसाची वाटी उचलली आणि शिष्याने आपणहून पाण्याची घेतली. मुख्य काम गुरूच्या हातचे, वरकाम आपले, यात विचार करण्यासारखे काय होते? उस्मानियात त्याला शिकवले होते, की दोन्ही वाफ्यांवर एकच हात हवा, नाहीतर हाताचाच फरक दिसतो. हे त्याने परीक्षेत लिहिले होते, गुणही मिळवले होते. मास्तरांच्या शेजारी उभा असताना ते त्याला एकदाही आठवले नाही.

आषाढी ते कार्तिकी, अकरा खेपा. रोग नाही, कलमा नाहीत, म्हणजे नुसत्या मिरचीच्या रसाने काही लागत नव्हते. कार्तिकीनंतरच्या पहिल्याच चोळणीला पानांवर चट्टे आले. पाने बोकड्यासारखी मुरडली फारशी नव्हती, चट्टेरी जास्त होती. समासात त्याच्याच अक्षरात शेरा होता : मास्तर म्हणतात, कुंडीत रोग असाच दिसतो.

आणि त्याच्या आधीचे पान. जुलै. वाफ्यातली कोवळी रोपे निवडून कुंडीत लावायचा मास्तरांना शौक होता. त्या रोपांवर काही न चोळताच चट्टे उठले. कुणीतरी तंबाखू आत आणली, असे मास्तर म्हणाले. भुजंग माळ्याच्या चंचीत तंबाखू सापडली. बापूसाहेबांकडे जायचा अहवाल भीमाशंकरने लिहिला, सही केली, आणि भुजंगला काढले. आषाढीच्या दोन दिवस आधी. पुढे चार महिने एकाही रोपावर चट्टा आला नाही. भुजंगच दोषी होता याचा याहून मोठा पुरावा काय, असे तेव्हा दोघांनाही वाटले होते. निदान एकाला तरी.

त्याने रजिस्टर होते तसे, होते त्या जागी ठेवले आणि कपाटाला कुलूप लावले. कुलपाची दुसरी किल्ली मास्तरांकडे असे.

गुरुवारी सकाळी आठला मास्तर आले. कोट खुंटीला अडकवला, हात धुतले, रुमाल काढला.

"नांदेड सात लातूरला चोळली होती, मास्तर," भीमाशंकर म्हणाला.

मास्तरांनी हात पुसून घेतले. "वीरभद्र बोलला वाटतं."

"पान मीच पाहिलं."

"किती आले?"

"एकशे सोळा."

"पहिल्या खेपेला नव्वदच्या आसपास होते," मास्तर म्हणाले, जसे ते रोज म्हणत, आकडे ताडून पाहताना. मग त्यांच्या लक्षात आले आणि ते स्टुलावर बसले.

"तुम्हाला दहा तारखेलाच कळलं होतं."

"बाराला. कार्ड उशिरा आलं."

"बाराला. आणि सतराला तुम्ही नाव खोडलंत. मी तुमच्या पाया पडलो मास्तर, त्या दिवशी."

"हळू बोल. बाहेर गडी आहेत."

"ऐकू द्या."

मास्तरांनी रुमालाची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "मी घरी ओढत होतो. इथं कधी नाही. एवढ्यानं होईल असं मला खरंच वाटलं नव्हतं. कार्ड आलं तेव्हा कळलं. तोवर बापूसाहेबांनी चार गावांत सांगून टाकलं होतं, की बोकड्या सापडला. भीमा, तू सव्वीस वर्षांचा आहेस. तुझ्या लेखात चूक निघाली तर म्हणतील, पोरगं उतावळं झालं. पाच वर्षांत विसरतील. माझ्या निघाली तर इथं दुसऱ्या दिवशी कुलूप. मग तू कुठं जाशील?"

"म्हणजे माझ्यासाठीच केलंत."

"तसं समज."

"लेख पाठवलाच नसता तर?"

मास्तरांनी रुमाल गुडघ्यावर पसरला.

"आणि भुजंग?"

"भुजंगच्या चंचीत तंबाखू होती. ती काय मी ठेवली?"

"त्याची चंची फाटकाच्या खुंटीवर असायची. आत यायच्या आधी तो चुळा भरायचा. तुम्हीच लावलेली सवय ती. अहवालात मी हे लिहिलं नाही, कारण तुम्ही म्हणालात, त्याची जरूर नाही."

"अहवालावर माझी सही नाही भीमा," मास्तर शांतपणे म्हणाले. "लेखावरही नाही."

भीमाशंकरला वाटले होते, की मास्तर रडतील, निदान रागावतील. फी भरायला आले होते तेव्हाचा त्यांचा चेहरा त्याला आठवत होता, आणि हाही चेहरा तोच होता. तेच त्याला सोसवेना.

"मी कळवणार आहे," तो म्हणाला. "कलकत्त्याला आणि बंगळूरला."

बंगळूरच्या एका प्रयोगशाळेकडे नांदेड सातमधला थोडा भाग तपासणीसाठी गेला होता.

"कळव. काय लिहिशील? गुरूच्या नाकात तपकीर होती म्हणून? जग हसेल. मला नाही, तुला हसेल. रसाची वाटी माझ्या हातात होती हे कोण सांगेल?"

"रजिस्टर सांगेल."

मास्तरांनी रुमाल खिशात घातला. हे वाक्य आपण बोलायला नको होते, हे भीमाशंकरला कळायला एक दिवस लागला.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला त्याने दोन तारा केल्या. कलकत्त्याला : लेख छापू नये, नमुन्यात तंबाखूचा विषाणू. बंगळूरला : तंबाखूची चाचणी आधी घ्यावी. बापूसाहेबांना चार पानांचे पत्र टाकले, वीरभद्राच्या तिन्ही खेपांच्या तारखा घालून. साडेदहाला तो प्रयोगशाळेत परतला. कपाटाला कुलूप होते. आत चोळणीचे रजिस्टर नव्हते. बाकीची सगळी होती.

"मास्तर येऊन गेले," फाटकावरचा गडी म्हणाला. "हैदराबादला चाललो म्हणाले. बापूसाहेब तिथंच हायत ना. हातात कापडी पिशवी व्हती. म्या म्हटलं, कालपरवा तर आलात. म्हणाले, काम ऱ्हायलं एक."

शनिवारी भीमाशंकर उमरीला गेला. भुजंग मिरचीच्या अडतीवर पोती शिवत होता. डोळे लाल, नाकावर फडके. भीमाशंकरला पाहून त्याने सुतळी तोडली, पण उठला नाही.

"या. सायबाला बसायला पोतं द्या रे. ठसका लागंल मात्र."

भीमाशंकरने उभ्या उभ्या सगळे सांगितले. तपकीर, रुमाल, चातुर्मास. भुजंग मान खाली घालून ऐकत होता. मध्येच त्याच्या खांद्यांना हिसके बसले. तो हसत होता की ठसकत होता, ते फडक्यामुळे कळेना.

"चार म्हैने सोडली व्हती? देवासाठी?"

"हाव."

"आन झाडासाठी न्हाई सोडली." त्याने फडके खाली ओढले. "माझ्या घरची म्हणती, तुमीच पाप केलं आसंल, त्याबिगर एवढा शिकलेला माणूस सही कशाला करंल. तिला काय सांगू?"

"माझी चूक झाली. लिहून देतो."

"द्या. उर्दूत बी द्या. बापूसायबाच्या मुनीमाला मराठी वाचायचा लई कंटाळा."

अडत्याच्या बैठकीवर बसून भीमाशंकरने दोन्ही भाषांत लिहिले : जुलैचा अहवाल चुकीचा होता, तो मी लिहिला, रोपांवरचा रोग भुजंगमुळे आला नाही. खाली सही केली. भुजंगला वाचता येत नव्हते. त्याने अडत्याकडून वाचून घेतले, दोन वेळा.

"मास्तरांचं नाव न्हाई यात," तो म्हणाला.

"त्यांचं मला सिद्ध करता येत नाही. रजिस्टर त्यांच्यापाशी आहे."

"मग तुमची बी गत माझ्यावानीच की."

भीमाशंकरने मान हलवली. भुजंगने कागद घडी करून मुंडाशात खोवला आणि सुईत पुन्हा सुतळी ओवली.

सोमवार, १५ फेब्रुवारी, संध्याकाळचे सहा. कलकत्त्याहून एका ओळीचे उत्तर आले आहे : लेख छपाईस गेला आहे, थांबवण्यासाठी लेखकाने कारण आणि पुरावा लेखी पाठवावा. बंगळूरहून काही नाही. बापूसाहेबांच्या हैदराबादच्या कोठीवरून दुपारी माणूस आला. भीमाशंकरने बुधवारी सकाळी दहाला हजर व्हावे, असा निरोप त्याने दिला. अनंतराव कुठे आहेत, असे विचारल्यावर तो म्हणाला, की मास्तर शुक्रवारपासून कोठीवरच उतरले आहेत आणि बापूसाहेबांच्या पंगतीला असतात. सोबत एखादे रजिस्टर आहे का, हे त्याला सांगता आले नाही.